विद्यार्थी सहाय्य कक्ष: जे येतच नाहीत त्यांच्यासाठीचं काम

दारात उभा राहून एक मुलगा विचारतो, "मॅडम, विषय सोडायचा फॉर्म इथे मिळतो का?"

फॉर्म इथे मिळत नाही. दोन दारं सोडून पलीकडच्या खिडकीवर मिळतो आणि ते सांगायला मला एक वाक्य पुरतं. तेवढंच सांगितलं असतं तर तो "थँक्यू" म्हणून गेला असता आणि माझ्या दिवसभराच्या नोंदीत चौकशीची एक रेघ वाढली असती. मी म्हटलं, "कुठला विषय सोडतोयस? बस ना जरा." बसला. गणित सोडायचं होतं. का? "जमत नाहीये." बाकीचे विषय? "ठीक आहेत." दहा मिनिटं अशीच एकेका शब्दाची उत्तरं. मग तो उठला, बॅग खांद्याला अडकवली, दाराला हात घातला आणि पाठमोरा असतानाच म्हणाला, "गणिताचा तास सकाळी आठला असतो. माझी रात्रपाळी सातला सुटते."

खरी गोष्ट बऱ्याचदा अशी दारातच निघते. या खोलीत काही महिने काढले की हे ध्यानात येतं आणि मग विद्यार्थी उठला की आपणही त्याच्याबरोबर दारापर्यंत जायची सवय लागते.

पुढचा हिशेब असा होता. गणित सोडलं की त्या सत्रातले त्याचे श्रेयांक (क्रेडिट) शिष्यवृत्तीला लागणाऱ्या किमान आकड्याच्या खाली जाणार. शिष्यवृत्ती थांबली की फीची तफावत भरायला त्याला आणखी पाळ्या कराव्या लागणार. म्हणजे आज गणित, पुढच्या सत्रात आणखी एखादा विषय. शिष्यवृत्तीची अट फीच्या खिडकीवर माहीत होती, पण पोरगा रात्रपाळी करतो हे तिथे ठाऊक नव्हतं. गणिताच्या सरांना तो वर्गात डुलक्या घेतो एवढं दिसत होतं. आणि गणिताच्या दुपारच्या तुकडीत दोन जागा रिकाम्या आहेत, हे वेळापत्रक लावणाऱ्यांना माहीत होतं, त्यांना हा मुलगाच माहीत नव्हता.

विद्यार्थी सहाय्य कार्यक्रमात तू करतेस काय, असं कुणी विचारलं की मी हेच सांगते. चार खिडक्यांवर विखुरलेली एका मुलाची माहिती एका टेबलावर आणायची, आणि ती मुदत संपायच्या आत आणायची. बाहेरून लोकांना हे समुपदेशन वाटतं, पाठीवर हात ठेवणं वगैरे. तेही असतं. पण दिवसाचा बराचसा वेळ जातो तो वेळापत्रक, फीचा तक्ता, हजेरीपट आणि फोन यांत.

खासगी कॉलेजं असे कक्ष का काढतात, याचं उत्तर जरा रोखठोक द्यायला हवं. अशा बऱ्याच कॉलेजांचा गाडा मुख्यतः फीवर चालतो. पहिल्या वर्षाच्या जागा दर वर्षी नव्याने भरता येतात, पण दुसऱ्या वर्षातून कुणी निघून गेलं तर ती जागा बहुधा शेवटपर्यंत रिकामीच राहते. नवा विद्यार्थी आणायला जाहिरात, भेटीगाठी, सवलती असा खर्च येतो. असलेला टिकवणं त्यामानाने स्वस्त पडतं. म्हणून पहिल्या वर्षातून दुसऱ्या वर्षात किती गेले, हा आकडा व्यवस्थापनाच्या बैठकीत वाचला जातो. त्याला 'रिटेन्शन' म्हणतात आणि आमच्या कक्षाचा पगार त्या शब्दातून निघतो. मला यात लाज वाटण्यासारखं काही दिसत नाही. मुलगा टिकला तर त्याचंही भलं, कॉलेजचंही. फक्त ही दोन भली एका दिशेला असतात ती बहुतेक दिवस. उरलेल्या दिवसांबद्दल पुढे लिहिते.

आधी मूळ प्रश्न: मुलं कॉलेज सोडतात का? पूर्वी याचं उत्तर मुलातच शोधायचे. हुशारी कमी, चिकाटी कमी, घरचं लक्ष नाही. १९७५ मध्ये अमेरिकी अभ्यासक व्हिन्सेंट टिंटो यांनी वेगळी मांडणी केली. त्यांनी आधार घेतला तो फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खाइम यांचा. समाजाशी असलेले धागे सुटलेला माणूस आत्महत्येकडे ढकलला जाऊ शकतो, हे दुर्खाइम यांनी १८९७ मध्ये मांडलं होतं. टिंटो म्हणाले की कॉलेज हाही एक छोटा समाजच आहे. विद्यार्थ्याला तिथे दोन धाग्यांनी बांधून घ्यावं लागतं: एक अभ्यासाचा, दुसरा माणसांचा. दोन्ही सैल झाले की तो निघून जातो. या मांडणीवर पुढे बरीच टीकाही झाली आणि ती रास्त होती. घरून ये-जा करणारा, नोकरी करणारा, लेकुरवाळा विद्यार्थी कॉलेजच्या कट्ट्यावर रमणार कधी? त्याचे धागे बाहेर असतात. तरीही या मांडणीने एक मोठं काम केलं. "या मुलात काय कमी आहे" या प्रश्नाशेजारी "आपल्याकडे काय कमी आहे" हा प्रश्न येऊन बसला.

आता या कामातली सगळ्यात अवघड गोष्ट. दारावर 'विद्यार्थी सहाय्य कक्ष, सर्वांचे स्वागत' अशी पाटी लावली की कोण येतं? ज्याला मदत मागता येते तो येतो. ज्याच्या घरात आधी कुणी कॉलेज पाहिलेलं आहे, ज्याला ठाऊक आहे की मुदत वाढवून मागता येते, सरांना भेटता येतं, पेपर पुन्हा तपासून घेता येतो. घरातून पहिलाच कॉलेजात आलेला मुलगा 'भेटीची वेळ तीन ते पाच' हे वाचतो तेव्हा त्याला वाटतं, या वेळात सर कामात असतात, त्रास देऊ नये. मदत मागणं म्हणजे आपण इथल्या लायकीचे नाही याची कबुली देणं, असं त्याच्या मनात घट्ट बसलेलं असतं. त्यामुळे अर्धा वर्ग मागे पडलेला असतानाही कक्षातल्या खुर्च्या रिकाम्या आणि जे दोघे-तिघे बसलेत त्यांना ऐंशी टक्क्यांचे नव्वद करायचेत, असं दृश्य मी कितीदा पाहिलंय.

यावर उपाय म्हणून १९७५ च्याच सुमारास लास वेगासच्या नेवाडा विद्यापीठात रॉबर्ट ग्लेनन यांनी उलटी पद्धत सुरू केली. विद्यार्थ्याची वाट न पाहता सल्लागारानेच त्याला बोलवायचं, अडचण येण्याआधीच. तिला 'इंट्रूझिव्ह ॲडव्हायझिंग' असं नाव पडलं, म्हणजे घुसखोर सल्लागिरी म्हणा ना. नाव कानाला बोचतं म्हणून आता 'प्रोॲक्टिव्ह' म्हणतात. मला जुनंच प्रामाणिक वाटतं.

पण घुसायचं कसं, यातच सगळं आहे. आमच्याकडून पूर्वी जाणारा मेसेज असा असायचा: "आपली हजेरी आवश्यक प्रमाणापेक्षा कमी आढळली आहे. तीन दिवसांत विद्यार्थी सहाय्य कक्षाशी संपर्क साधावा, अन्यथा पुढील कारवाई करण्यात येईल." याचा परिणाम ठरलेला. दोन तास चुकवलेल्या मुली रडवेल्या चेहऱ्याने धावत यायच्या आणि तीन आठवडे गायब असलेला मुलगा फोन बंद करून टाकायचा. मग आम्ही तो बदलला: "मी सहाय्य कक्षातून बोलतेय. दोन आठवडे वर्गात दिसला नाहीस म्हणून विचारते, बरा आहेस ना? बुधवारी दुपारी दोन ते चार मी बारा नंबरच्या खोलीत आहे. येणं जमत नसेल तर इथेच 'फोन करा' एवढं लिही." मेसेजच्या खाली माझं नाव. 'आपण'चं 'तू' केलं म्हणून एक ज्येष्ठ सहकारी नाराज झाले. शिस्त जाते म्हणाले. पण 'आपली हजेरी' म्हटलं की तो कागद होतो, आणि कागदाला कुणी उत्तर देत नाही. दुसरी बारीक गोष्ट म्हणजे ते 'फोन करा'. तीन आठवडे गायब असलेल्या मुलाकडे स्पष्टीकरण लिहायचं बळ नसतं. दोन शब्द लिहिण्याइतकं असतं.

कुणाला मेसेज करायचा, हे ठरवायला खुणा लागतात. हजेरी ही सर्वांना सुचणारी खूण, पण ती उशिरा बोलते. त्याआधी बोलतात त्या लहान गोष्टी: पहिली छोटी चाचणी दिलीच नाही, अभ्यासाच्या पोर्टलवर दहा दिवस लॉगिन नाही, पुस्तकं घेतलेली नाहीत, फीचा दुसरा हप्ता राहिलाय, ओळखपत्र अजून घेतलेलं नाही. सत्राच्या तिसऱ्या ते पाचव्या आठवड्यात या खुणा एकत्र पाहिल्या तर अजून काहीतरी करता येतं. सत्रार्धाच्या परीक्षेनंतर पाहिल्या तर सांत्वनच उरतं. अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून ८००च्या वर धोक्याच्या खुणा रोजच्या रोज तपासणारी यंत्रणा उभी केली आणि तिचा जगभर गाजावाजा झाला. ते विद्यापीठ सरकारी आहे, पण त्या यशाच्या जोरावर खासगी कॉलेजांनाही सॉफ्टवेअर विकणाऱ्यांची रांग लागली. गाजावाजात एक गोष्ट मागे पडली: त्या विद्यापीठाने सल्लागारही मोठ्या संख्येने वाढवले होते. यंत्रणा लाल दिवा दाखवते. फोन माणसाने करायचा असतो. फोन करणारं कुणी नसेल तर लाल दिव्यांची यादी म्हणजे कोण बुडणार याची आगाऊ नोंद, दुसरं काही नाही.

आणि फोनचा उपयोग होतो का? होतो, पण चमत्कार होत नाही. एरिक बेटिंजर आणि रेचल बेकर या शिक्षणाच्या अभ्यासकांनी १३,५५५ विद्यार्थ्यांवरच्या कामाची तपासणी केली होती. आठ संस्था होत्या, त्यांत खासगीही. सोडत काढून काही जणांना नियमित फोन करणारा मार्गदर्शक दिला, काहींना नाही. ज्यांना मार्गदर्शक मिळाला त्यांच्यात टिकून राहणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ५ टक्के गुणांनी जास्त निघालं, आणि फोन बंद झाल्यावर वर्षभरानेही फरक पुरता पुसला नव्हता. शंभरातले पाच. पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी हिरमुसले होते. आता माझ्या यादीकडे पाहून ते पाच कोण, असा विचार करते आणि आकडा लहान वाटत नाही.

इथे एका माणसाची गोष्ट सविस्तर सांगायलाच हवी, कारण या कामात जी चूक सगळे करतात ती त्याने करता करता टाळली. १९७० च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यूरी ट्राइसमन नावाचा गणिताचा तरुण संशोधक होता. कृष्णवर्णीय विद्यार्थी कॅल्क्युलसमध्ये फार मोठ्या प्रमाणात नापास होत होते. त्याने प्राध्यापकांना विचारलं, कारण काय असेल? उत्तरं आली ती अगदी ओळखीची: मुलांना ओढ नाही, शाळेतली तयारी कच्ची, घरचा पाठिंबा नाही, गरिबी. त्याने एकेक तपासलं आणि एकही टिकलं नाही. मुलं मेहनती होती, घरच्यांचा जीव त्यांच्या शिक्षणात अडकलेला होता, आणि चांगल्या शाळांतून चांगले गुण घेऊन आलेलेही नापासांत होते. मग तो त्यांच्यात जाऊन बसला. वीस कृष्णवर्णीय आणि वीस चिनी वंशाचे विद्यार्थी अभ्यास करतात कसा, ते पाहू लागला. चिनी मुलं आधी एकेकटी गृहपाठ करायची, मग संध्याकाळी एकत्र बसायची. एकमेकांच्या चुका काढायची, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायची, एखादं गणित कुणालाच आलं नाही तर ते खरोखर अवघड आहे हे त्यांना कळायचं. कृष्णवर्णीय मुलं जवळजवळ सगळी एकटी अभ्यास करायची. दार लावून, पुस्तक पुढ्यात, नेमून दिलेले तास पुरेपूर. त्यांचा अभ्यास एकीकडे आणि मित्र दुसरीकडे. अडलं की ते समजायचे, मलाच येत नाही.

ट्राइसमनने मग जे केलं त्याला 'जादा तास' म्हणता येणार नाही. कच्च्या मुलांसाठी सोपी उजळणी, असा शिक्का त्याने लागूच दिला नाही. त्याने हुशारांसाठीची कार्यशाळा म्हणून बोलवलं, नेहमीच्या गृहपाठापेक्षा अवघड गणितं दिली आणि गटात सोडवायला बसवलं. मुलं आली, टिकली आणि त्यांचे गुण चांगलेच वर गेले.

माझ्यापुरता यातून एक नियम निघाला. मदतीच्या कार्यक्रमाच्या नावात 'कमकुवत' हा शब्द दुरूनही ऐकू येत असेल तर तो कार्यक्रम निम्मा हरलेला आहे. हीच गोष्ट कॅन्सस सिटीच्या मिसुरी विद्यापीठात १९७३ मध्ये डियाना मार्टिन यांनी दुसऱ्या वाटेने साधली. 'धोक्यातले विद्यार्थी' शोधण्याऐवजी त्यांनी धोक्याचे विषय शोधले, म्हणजे ज्यांत दर सत्राला खूप जण अडकतात असे, आणि त्या विषयाच्या सगळ्याच मुलांसाठी गटाने अभ्यास करायचे तास ठेवले. चालवणार कोण? गेल्या वर्षी तोच विषय चांगल्या गुणांनी सुटलेला विद्यार्थी. मग तिथे जाणाऱ्याकडे कुणी वळून पाहत नाही.

"पण मी सगळं वाचलं होतं हो मॅडम." नापासाची गुणपत्रिका हातात घेऊन हे वाक्य येतं आणि ते खोटं नसतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पाहिलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने पाहिलं तर त्यांना सुमारे ४२ टक्के आठवत होतं, पुस्तक मिटून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. म्हणजे वाचून झाल्यावर "येतंय" असं जे वाटतं ते त्या क्षणी खरंच असतं. परीक्षा मात्र आठवड्याने असते. हे सांगायला मी व्याख्यान देत नाही. वही मिटायला लावते, कोरा कागद पुढे सरकवते आणि पाच मिनिटं गप्प बसते. कागद अर्धा कोरा राहिला की पुढचं बोलणं सोपं जातं.

'मी इथला नाही' ही भावना मात्र कागदावर दिसत नाही. ग्रेगरी वॉल्टन आणि जेफ्री कोहेन या मानसशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये ९२ नवीन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या वर्षाच्या मुलांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटायचं, मग हळूहळू निवळलं. नंतर त्यांनी स्वतः पुढच्या वर्षी येणाऱ्यांसाठी तसंच लिहायचं. सगळा खटाटोप तासाभराचा. तीन वर्षांनी पाहिलं तर कृष्णवर्णीय आणि गोऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणांतली दरी निम्मी झाली होती. साहजिकच सगळीकडे याच्या नकला निघाल्या. २०२३ मध्ये २२ संस्थांतल्या २६,९११ विद्यार्थ्यांवरचा मोठा अभ्यास आला आणि त्यात मेख कळली. ज्या कॉलेजात त्या मुलांना खरोखर रुजायची संधी होती तिथेच याचा उपयोग झाला. संधीच नसेल तर "निवळेल हळूहळू" हे कितीही गोड लिहा, निवळत नाही. वसतिगृहात जाच चालू असताना आपलेपणाचं सत्र घ्यायला मला एकदा पाठवलं होतं. समोरच्या मुलींचे चेहरे अजून आठवतात.

मग एकेका युक्तीत दम नसेल तर? सगळ्या एकदम केल्या तर? हे न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीने २००७ मध्ये करून पाहिलं. कार्यक्रमाचं नाव एसॅप. उरलेली फी भरली, पुस्तकांना मदत केली, येण्याजाण्याचा पास दिला, सोयीच्या वेळांच्या तुकड्या राखून ठेवल्या, आणि बदल्यात अट घातली की पूर्णवेळ शिकायचं आणि सल्लागाराला नियमित भेटायचं. पासामागची अक्कल मला फार आवडते: महिन्याचा पास भेट झाली की मिळायचा, त्यामुळे 'मदत मागायला' न येणारेही पास घ्यायला यायचे. सोडत काढून तपासलं तेव्हा तीन वर्षांत पदवी पूर्ण करणारे ४० टक्के निघाले. ज्यांना हे मिळालं नव्हतं त्यांच्यात २२ टक्के. खर्च माणशी सुमारे ६० टक्क्यांनी जास्त आला, पण जास्त जण पार झाल्यामुळे एका पदवीमागचा खर्च उलट कमी पडला. आणि एक आकडा, जो मी प्रत्येक बैठकीत सांगते: एसॅपमध्ये एका सल्लागाराकडे ६० ते ८० विद्यार्थी होते, बाकीच्यांकडे ६०० ते १,५००. सहाशे मुलांचा सल्लागार म्हणजे नावांची यादी सांभाळणारा माणूस.

पैशाची एक बारीक बाजूही सांगते. थोडी थकबाकी राहिली म्हणून पुढच्या सत्राची नोंदणी अडते, आणि तेवढ्यावर शेवटच्या वर्षातली मुलं गळतात. मोठ्या कर्जापेक्षा हे जास्त वेळा घडतं, असा माझा अनुभव. जॉर्जिया स्टेट विद्यापीठ अशांना अर्ज न मागवता छोटी रक्कम देतं. विद्यार्थ्याने मागायची वाट न बघता यादी काढून देतं, हे महत्त्वाचं. आमच्याकडे असा निधी मागायला मला तीन बैठका लागल्या. शेवटी लेखापालांनीच बाजू घेतली, कारण एक मूल गळलं की पुढच्या सगळ्या फीवर पाणी, हा हिशेब त्यांना पटकन दिसला.

आता ते उरलेले दिवस. एका मुलीला आमच्याकडच्या अभ्यासक्रमात काही खास मिळत नव्हतं. तोच अभ्यासक्रम दुसरीकडे निम्म्या फीत होता आणि तिचे श्रेयांक तिथे चालणार होते. तिने मला सरळ विचारलं, "मॅडम, तुम्ही असता तर काय केलं असतं?" मी म्हटलं, गेले असते. फी परत मिळायची शेवटची तारीख कुठली, कुठली कागदपत्रं आधी काढून घ्यायची, तेही सांगितलं. त्या वर्षीच्या अहवालात ती माझ्या खात्यावर 'गेलेली' म्हणून जमा आहे.

याची दुसरी, वाईट टोकाची बाजू अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात दिसली. माउंट सेंट मेरीज ही खासगी कॅथलिक युनिव्हर्सिटी. २०१५ मध्ये नव्या विद्यार्थ्यांना एक प्रश्नावली भरायला दिली. तुम्हाला समजून घ्यायचंय, असा तिचा तोंडवळा होता. टिकून राहण्याची टक्केवारी मोजताना सुरुवातीच्या एका ठरावीक तारखेला पटावर असलेले विद्यार्थीच धरतात. त्या तारखेच्या आधीच वीस-पंचवीस डळमळीत मुलांना जायला सांगायचं, म्हणजे टक्केवारी सुधारते, अशी तिथल्या अध्यक्षांची योजना होती. सहकाऱ्यांनी विरोध केला. जानेवारी २०१६ मध्ये विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने ते छापलं. त्या वृत्तपत्राच्या सल्लागार प्राध्यापकाला आणि आणखी एका प्राध्यापकाला काढून टाकलं, मग ओरड झाल्यावर परत घेतलं, आणि फेब्रुवारी अखेरीस अध्यक्षांनीच राजीनामा दिला. मदतीसाठी मागितलेली माहिती आणि हाकलण्यासाठी वापरलेली माहिती एकाच कागदावर असते. म्हणून कुणी नवी प्रश्नावली आणली की मी आधी विचारते, उत्तरं कुणाच्या टेबलावर जाणार आहेत?

नोंदींचंही तसंच. विद्यार्थी कधीतरी हे वाचेल असं धरून लिहायचं. "उद्धट वाटला" असं लिहिलं की तो पुढच्या चार जणांसाठी उद्धट होतो. "तीन प्रश्नांना उत्तर दिलं नाही, फोनकडे पाहत होता" एवढंच घडलेलं असतं. पालकांचे फोन येतात: "फी आम्ही भरतो, आम्हाला कळायला नको?" प्रश्न रास्त आहे, पण उत्तर ठरलेलं असावं लागतं आणि ते विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत सांगितलेलं असावं लागतं. इथलं बोलणं इथेच राहील. जिवाला धोका दिसला तर राहणार नाही. नंतर सांगितलं तर तो विश्वासघात वाटतो.

जिवाचं निघालंच आहे म्हणून. आम्ही मानसोपचारतज्ज्ञ नाही आणि तसं वागायचंही नाही. पण "आत्महत्येचे विचार येतात का?" हे सरळ शब्दांत विचारायला घाबरायचं नाही. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. बहुतेकांना कुणीतरी विचारलं याने मोकळं वाटतं. आणि मग समुपदेशकाचा नंबर लिहून द्यायचा नाही. उठायचं आणि त्याच्याबरोबर तिथवर चालत जायचं. चिठ्ठी खिशात राहते.

अशा कक्षात नोकरीसाठी मुलाखतीला जात असाल तर पगाराआधी दोन-तीन गोष्टी विचारून घ्या. माझ्याकडे किती विद्यार्थी असतील? माझा अहवाल अभ्यासाची बाजू पाहणाऱ्यांकडे जाईल की प्रवेशाची? एखाद्याला जायला मदत केली तर ती कशात धरतात? आणि फी, शिष्यवृत्ती, वेळापत्रक यांची माहिती माझ्या संगणकावर मला उघडता येईल का? ती परवानगी नसेल तर दुपारच्या तुकडीत दोन जागा आहेत हे कळायला तुम्हाला तीन दिवस कुणाच्या तरी मागे फिरावं लागेल, आणि तुकडी बदलायची मुदत दुसऱ्याच दिवशी संपलेली असेल.